मावशीची रेघ

माझ्या मावशीशी कुणाचंच पटलं नाही. आईचं नाही, बाबांचं नाही, ऑफिसातल्या लोकांचं तर नाहीच. माझंही फारसं पटत नाही. तरी तिच्याबद्दल सांगायला मीच उरले आहे, कारण बाकीच्यांच्या कपाळावर तिचा विषय निघाला तरी आठ्या पडतात.

ती राज्याच्या भूविज्ञान खात्यात होती. काम असं, की एखादा मुलूख पायी पालथा घालायचा, जिथे खडक उघडा दिसेल तिथे हातोडीने कपची काढून भिंगाखाली बघायची, होकायंत्राने थरांची दिशा मोजायची आणि कुठला खडक कुठून कुठे गेला आहे ते नकाशावर रंगवायचं. उन्हाने रापलेला चेहरा, जाडजूड बूट आणि ओझ्याने लोंबणारे खिसे. आमच्याकडे आली की खुर्चीवर बसताना खिशातले दगड खडखडायचे आणि आई म्हणायची, आधी खिसे रिकामे कर मग बस. हे दोघींचं चांगलं चाललं होतं तेव्हाचं.

ऑफिसात तिला पाठीमागे ‘हातोडी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि तिनेही परतफेड म्हणून सगळ्यांना नावं ठेवली होती. त्यातलं एकच आपल्या कामाचं. तिच्या बरोबरीचा एक भूशास्त्रज्ञ होता, बारीक आवाजाचा, अतिशय सावध. पुरावा संपला की त्याचं बोलणं संपायचं, एक पाऊल पुढे टाकायचा नाही. त्याला ती ‘पूर्णविराम’ म्हणायची, तोंडावरसुद्धा.

आमचं गाव एका ओढ्याच्या पूर्वेला. ओढ्याच्या पश्चिमेला टेकड्या, आणि त्या टेकड्यांतून मँगनीजचा एक पट्टा पूर्वेकडे येतो. काळाकुट्ट दगड, हातात घेतला तर बोटं कोळशाने माखावीत तशी होतात. टेकड्यांत तो उघडा दिसतो, ओढ्याच्या काठापर्यंत दिसतो, आणि ओढा ओलांडला की नुसती माती. शेतं, घरं, रस्ता. खाली काय आहे ते कुणाला दिसत नाही.

मावशीला त्या भागाचा नकाशा करायचं काम मिळालं तेव्हा मी शाळेत होते. ती आमच्याकडेच उतरली. सबंध हिवाळा राहिली. आई तिला डबा बांधून द्यायची, संध्याकाळी तिच्या पायांना शेक द्यायची. ओढ्याच्या अलीकडच्या शेतांत, म्हणजे आमच्या बाजूला, मावशीला काही काळे गोटे सापडले. तेवढ्यावरून तिने ठरवलं, की पट्टा ओढ्याखालून सरळ पुढे येतो आणि गावाच्या पोटातून जातो. नकाशावर तिने तो तुटक रेघेने दाखवला. नकाशाच्या भाषेत तुटक रेघ म्हणजे अंदाज. सलग रेघ म्हणजे खात्री. रेघ आमच्या घराखालून जात होती, पण तुटक होती. निघताना तिने आईला तसं हसत हसत सांगितलंही, की तुझ्या स्वयंपाकघराखाली खाण आहे. आईने ते थट्टेवारी नेलं.

पुढचं ऑफिसात घडलं. त्या वर्षी सगळ्या राज्याचा खनिज नकाशा छापायचा होता. मोठ्या मुलुखाचा लहान नकाशा, त्यात तुटक रेघांना फारशी जागा नव्हती. संचालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि एकेक पट्टा निकालात काढायला घेतला. आमच्या ओढ्यापाशी आल्यावर पूर्णविराम म्हणाला की पट्टा ओढ्यावर थांबवा, पुढे कोरं ठेवा. मावशी म्हणाली की गोटे सापडले आहेत. तो म्हणाला, गोटे पाण्याने वाहून आलेत. इथवर ठीक होतं. मग तो चष्मा पुसत संचालकांना म्हणाला, “बाईंची बहीण त्या गावात राहते. जेवायला जाता जाता ओढलेली रेघ आहे ही, साहेब.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मावशी हसली नाही. हे तिने मला स्वतः सांगितलं आहे, पुष्कळ वर्षांनी, आणि सांगतानाही तिचा आवाज चढला होता. संचालकांनी तिला विचारलं, की तुमची खात्री आहे की नाही, तेवढं बोला. तिने पेन उचललं आणि त्या तुटक रेघेतल्या फटी सगळ्यांसमोर एकेक करून भरून टाकल्या.

नकाशा छापला गेला. काही महिन्यांनी सरकारने त्यावरून पट्ट्यालगतची जमीन खनिजासाठी राखून ठेवली. म्हणजे खाण काही लगेच येणार नव्हती. पण ती कधीतरी येईल म्हणून तिथे नवं बांधकाम बंद, जमिनीची खरेदी-विक्री बंद, कर्जही बंद. गावाच्या मधोमध एक पाटी लागली. शाळेच्या वाढीव खोल्यांचा पाया खणून झाला होता, तो तसाच राहिला आणि त्यात पावसाचं पाणी साचून बेडूक झाले. बाबा पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे, घराच्या पुढच्या खोलीतच. त्यांना रस्त्यापलीकडे मोठं वर्कशॉप काढायचं होतं, यंत्रसुद्धा बघून ठेवलं होतं. परवानगी नाकारली गेली. दोन-तीन वर्षं ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले, मग एक दिवस अवजारांची पेटी घेऊन शहरात एका कारखान्यात नोकरीला गेले. सुट्टीला यायचे. हळूहळू सुट्ट्याही कमी झाल्या.

गावाला राग काढायला मावशी सापडत नव्हती, आई सापडत होती. नळावर तिची बादली मागे सरकवली जायची. वाणी तिला सगळ्यांच्या शेवटी माल द्यायचा. शाळेत मला पोरं विचारायची, की तुझ्या मावशीने आज कुणाच्या घरावर रेघ ओढली. गावात कशाचंही काही बिनसलं, अगदी कोंबडी मेली, तरी ‘मावशीची रेघ’ म्हणायची पद्धत पडली. तिला आमची मावशी म्हणून ओळखणारा गाव तिला आता एक रेघ म्हणून ओळखू लागला, आणि आम्ही त्या रेघेचे नातेवाईक.

आई शेवटी शहरात जाऊन तिच्या ऑफिसात उभी राहिली. मी बरोबर होते. आईने तिला शांतपणे विचारलं की रेघ काढून टाकता येईल का. मावशीने खिडकीकडे बघत उत्तर दिलं, “खडक नातं बघत नाही, ताई.”

“खडकाचं जाऊ दे,” आई म्हणाली. “तू बघितलंस का, तेवढं सांग. माझ्या घरी राहिलीस, माझ्या ताटात जेवलीस, आणि माझ्याच घरावरून रेघ ओढलीस. परत माझ्या दारात पाय ठेवू नकोस.”

तिने ठेवला नाही. एकमेकींचा उल्लेखसुद्धा बंद झाला. आजी गेली तेव्हा दोघी तिच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि येणाऱ्या माणसांना वाटत होतं, की या बायकांची ओळखच नाही.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, जी आईला कित्येक वर्षं माहीत नव्हती. ऑफिसातल्या त्या प्रकारानंतर मावशीचं डोकं थंड झालं तसं तिला कळलं होतं, की आपण खात्री नसताना खात्री लिहून बसलो. ती दरवर्षी वरिष्ठांकडे ड्रिल मागायची. ड्रिल म्हणजे जमिनीत भोक पाडून खालच्या खडकाच्या कांड्या वर काढणारं यंत्र. त्याशिवाय मातीखालचं काही सिद्ध होत नाही. पण ड्रिलची यंत्रं कुठे पाठवायची हे ठरवण्याचं काम आता पूर्णविरामकडे आलं होतं. तो दरवर्षी एकच उत्तर द्यायचा: जिथे काही नाही तिथे यंत्र कशाला पाठवू? मग रेघ तरी खोडा, असं ती म्हणायची. तो म्हणायचा, रेघ तुमची आहे, मी कशी खोडू? या दोघांच्या कुरघोडीत आमचं गाव चेपलं गेलं, आणि दोघांपैकी एकालाही त्याचं फार वाईट वाटल्याचं मला दिसलेलं नाही. मावशीला वाईट वाटायचं ते चूक राहून गेल्याचं. त्यात माणसं होती हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

संचालक बदलले. नवीन आलेल्यांना या भांडणात रस नव्हता. त्यांनी दुसरीकडून मोकळं झालेलं एक यंत्र आमच्या गावी पाठवून दिलं, आणि मावशीलाही.

गावाला वाटलं खाण आली. ट्रकवरचं ते यंत्र वेशीशी येईपर्यंत रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, खाटा जे मिळेल ते आडवं घालून झालं होतं. मावशी जीपमधून उतरली तेव्हा पहिलं ढेकूळ तिच्या खांद्यावर बसलं. तिने खांदा झटकला, गर्दीतल्या पुढच्या माणसांकडे गेली आणि म्हणाली की खोदल्याशिवाय कळणार नाही. खाली काही नसेल तर पाटी जाईल. कुणी ऐकलं नाही. जीपच्या टायरांची हवा सोडली. शेवटी पोलीस आले तेव्हा यंत्र आत गेलं, ओढ्याच्या काठी उभं राहिलं आणि तिथेच अडलं, कारण ड्रिलला पाणी लागतं. भोकात सतत पाणी सोडलं नाही तर पातं तापून जातं. ओढा आटलेला होता. आणि गावात एकाही माणसाने पाणी द्यायचं नाही असं ठरलं होतं. पोलिसांना रस्ता मोकळा करता येतो, विहिरी नाही.

ओढ्याच्या सगळ्यात जवळची विहीर आमची. बाबांनी बसवलेली मोटारही दणकट.

मावशी आमच्या दाराशी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी तोवर चांगली मोठी झाले होते आणि खरं सांगायचं तर तिला हाकलून द्यायची संधी मला हवी होती. आई बाहेर आली आणि तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मावशीने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. तिला पाणी हवं होतं, तेच तिने मागितलं.

“पाणी देते,” आई म्हणाली. “तुझ्यासाठी नाही. एकदाचं खणून बघ आणि काय ते तोंडाने सांग. इतकी वर्षं आम्ही तुझ्या अंदाजावर जगतोय.”

मी आईशी भांडले. ती म्हणाली, गप्प बस, पाइप आण.

पाइप टाकला त्याच दिवशी दुपारी कुणीतरी तो विळ्याने कापला. जोडला, परत कापला. वाण्याने आईला माल द्यायचं बंदच केलं. शेजारीण, जिच्या बाळंतपणात आई तिच्या घरी राहिली होती, ती आमच्या अंगणाच्या कडेला येऊन थुंकून गेली. मग आईने एक खुर्ची घेतली आणि विहीर आणि ओढा यांच्या मधोमध पाइपाशेजारी जाऊन बसली. मावशी यंत्रापासून निघून त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची, कारण आईची पाठ असलेल्या बाजूनेही कुणी येऊ शकत होतं. दोघी दिवसच्या दिवस एका नळीची राखण करत होत्या आणि एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. मी जेवण घेऊन जायचे. आई निम्मं ठेवायची आणि बोटाने पलीकडे दाखवायची. मी ते मावशीसमोर आदळून यायचे.

यंत्रावरचा मिस्त्री, पोट सुटलेला आणि सदा कुरकुरणारा माणूस, वर आलेल्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायचा. पहिल्या भोकात राखाडी खडक निघाला, चकाकणाऱ्या पदरांचा. काळं काही नाही. दुसऱ्या भोकातही तेच. गावकरी लांबून बघत होते. त्यांना राखाडी म्हणजे चांगलं की वाईट हे कळत नव्हतं, आणि मावशी सांगत नव्हती. तिचा चेहरा मात्र आंबट होत चालला होता. दुसरं भोक संपल्यावर मिस्त्रीने विचारलं, बाई, आता आवरायचं का? तिने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि यंत्र तिरकं करायला लावलं, ओढ्याच्या खाली रोख धरून.

त्या तिसऱ्या भोकातून कांडी आलीच नाही. आला तो चुरा. ठेचलेला, दळलेला खडक आणि त्यात साबणासारखी बुळबुळीत माती. मावशीने ती बोटांत चोळली, हुंगली, आणि पेटीच्या कडेवर बसली. ओढ्याखाली भ्रंश होता. म्हणजे जमिनीतली एक मोठी चीर, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकलेल्या. पट्टा ओढ्यापाशी थांबत नव्हता आणि सरळही येत नव्हता. तो तिथे तुटून बाजूला सरकला होता. गाव सोडून दक्षिणेला गेलं की सगळा राखाडी खडक उघडा दिसत होता, तिथे तो नव्हता. राहिली उत्तर. उत्तरेला ओसाड माळ होता, आणि पाणी तिकडूनच गावाकडे उतरायचं. ते काळे गोटे तिथून आले होते.

तिने वायरलेसवरून पूर्णविरामकडे माळावर चौथं भोक पाडायची परवानगी मागितली. त्याने नाकारली, यंत्र परत पाठवायला सांगितलं. यंत्र गेलं. मावशी गेली नाही. तिने कुदळ-फावडं घेतलं आणि माळावर स्वतः चर खणायला लागली. गावातली माणसं तिथेही बघायला जमली. कुणी म्हणालं, बाई आता स्वतःचाच खड्डा खणतेय. कुणी वरून माती ढकलली. तिने वर बघून एवढंच म्हटलं की ढकलायचीच असेल तर बाहेरच्या बाजूला ढकल. खांद्याइतकं खोल गेल्यावर तिला काळा दगड लागला. वर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती आणि हात हलत नव्हते इतके भरून आले होते.

मग मात्र पूर्णविरामला यावंच लागलं. तो चराच्या काठावर उभा राहिला, खाली उतरला नाही. मी आणि आई तिथेच होतो.

“मी सांगत होतो,” तो म्हणाला, “ओढ्यापाशी संपतं.”

“संपत नाही. सरकतं,” मावशी म्हणाली. “तुम्ही थांबलात आणि मी नाकासमोर चालत गेले. दोघंही चुकलो.”

“छापलेली रेघ तुमची आहे. माझी कुठेच नाही.”

ते खरं होतं. त्याने तिच्यावर चौकशी लावली. चौकशीत तिने सगळं कबूल केलं, पेन उचलून फटी भरल्या तेसुद्धा, पण माफी मागायला ठाम नकार दिला. तिची बढती गेली आणि नोकरीची उरलेली वर्षं तिला नमुन्यांच्या गोदामात टाकलं, जिथे ती कपाटांच्या किल्ल्यांवरून पहारेकऱ्याशी भांडत असे. पूर्णविराम सन्मानाने निवृत्त झाला. नव्या नकाशावर भ्रंशाचा उल्लेख आहे, तो त्याच्या सहीने.

गावावरचं आरक्षण निघालं, पण ते निघायलाही वेळ गेला. कचेरीतून पाटी काढायला कुणी येईना, तेव्हा आईने पहारीने ती स्वतः उखडली. माळावर नंतर खाण सुरू झाली. घरं वाचली, पण ट्रक आमच्याच रस्त्याने जातात आणि वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत करडे होतात. काहींना तिथे काम मिळालं. तेही मावशीला शिव्या देतात, धुळीबद्दल. तिने गाव सोडवलं असं मी एकाही तोंडून ऐकलेलं नाही, आणि ऐकलं असतं तर मीच म्हटलं असतं की आधी बांधलं कुणी.

आरक्षण निघाल्यावर ती एकदा घरी आली. आईने तिला आत घेतलं, बसायला सांगितलं. मावशीला वाटलं असावं की आता काहीतरी बोलणं होईल. आई म्हणाली, “आमच्या घराखालून तुझा खडक काढून घेतलास. त्याबद्दल हात जोडू का?” मावशी पाणी प्यायली आणि उठली.

बाबा परत आले ते थकून. तरी त्यांनी वर्कशॉपचा पाया खणायला घेतला, रस्त्यापलीकडे, जसं ठरवलं होतं तसं. मावशी त्या सुमारास गोदामाच्या कुठल्याशा कामासाठी खाणीवर आली होती. जाता जाता पायाच्या खड्ड्यात डोकावली आणि म्हणाली की इथे बांधू नका, ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, भिंत तडकेल. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गवंड्याला म्हणाले, चालू दे. पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला कोपऱ्यातून वरपर्यंत भेग गेली. मी बाबांना म्हटलं, की निदान एवढं तरी ऐकायचं होतं. ते मोटारीचं वेटोळं सोडवत म्हणाले, “भिंत माझी, भेगही माझी. तिला काही विचारायचं नाही.” भेग त्यांनी अजून बुजवलेली नाही.

मावशी आता शहरात एकटी राहते. गुडघे गेले आहेत, जिना उतरत नाही. घरात बसायच्या जागा कमी आणि दगड जास्त. मी मधूनमधून जाते, कारण दुसरं कुणी जात नाही. एकदा मी तिला सरळ विचारलं, की तुला आमचं कधी वाईट वाटलं का. ती चष्म्याची काडी चावत म्हणाली, वाटलं. मग लगेच म्हणाली की पण त्या माणसाने जेवणाबद्दल बोलायला नको होतं. मला तिचा इतका संताप आला की मी चहा न घेता उठले.

मी तिच्याकडून परत आले की आई कधी तिच्या तब्येतीचं विचारत नाही. भाजी निवडता निवडता, वर न बघता, एवढंच विचारते, की भांडली का तुझ्याशी. मी म्हणते, भांडली. आई देठं एका बाजूला सारते आणि पुढची जुडी सोडायला घेते.